आधी चॅसी, इंजिन शेवटी

जुना ट्रेलर बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा केबिन पुढे पाडायला लावतो आणि इंजिनावर वाकतो. सोबत आणलेला मिस्त्री रेस देऊन आवाज ऐकतो, धूर बघतो, डिपस्टिक पुसून तेल बोटांत चोळून पाहतो. अर्ध्या तासात ‘इंजिन भारी आहे’ असा निकाल लागतो आणि पुढे फक्त किमतीचं बोलणं उरतं. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. इंजिन बिघडलं तर ते उतरवून हाफ किंवा फुल काम करता येतं. खर्च मोठा येतो, पण मिस्त्री त्याचा आकडा सांगू शकतो आणि तो आकडा किमतीतून वजा करता येतो. वाकलेल्या चॅसीचा किंवा बनावट कागदांचा असा आकडा कोणीच सांगू शकत नाही. म्हणून पैसे घालून जे सुधारत नाही ते आधी तपासायचं, जे सुधारतं ते नंतर.

या प्रकरणात आपण हॉर्स-ट्रेलरबद्दल बोलतो आहोत. पुढे ओढणारी गाडी म्हणजे हॉर्स, काही जण तिला घोडाच म्हणतात, आणि तिच्या पाठीवर पुढचं टोक टेकवून चालतो तो ट्रेलर. १९८९ साली न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं आणि उरणपासून पनवेल-कळंबोलीपर्यंतचा पट्टा या गाड्यांनी भरून गेला. बंदरातले कंटेनर आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या कॉइल यांच्याच पाठीवरून जातात. नवी जोडी आज चाळीस लाखांच्या पुढे जाते. इतकी रक्कम पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याकडे नसते, आणि पहिल्यांदा गाडी घेणारा बहुधा कालपर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असतो. १९७९ साली चेन्नईत सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने, म्हणजे आजच्या श्रीराम फायनान्सने, जुन्या ट्रकांना कर्ज देण्यावरच आपला मोठा धंदा उभा केला तो याच माणसाच्या भरवशावर. ड्रायव्हरचा मालक होतो तो बहुतेक वेळा जुन्या गाडीवरच. त्याची सगळी शिल्लक त्या एका व्यवहारात जाते, म्हणून त्याने गाडी घाईने घेऊ नये असं मला फार वाटतं.

यार्डात पाय ठेवण्याआधी गाडीच्या नावातला आकडा वाचता यायला हवा. टाटाच्या हॉर्सवर ४०१८, ४९२३ किंवा ५५३० असं लिहिलेलं असतं. पहिले दोन अंक म्हणजे गाडी, ट्रेलर आणि माल मिळून चालणारं एकूण वजन, टनांत. पुढच्या दोन अंकांवर एक शून्य चढवलं की इंजिनाची ताकद मिळते, हॉर्सपॉवरमध्ये. ४९२३ म्हणजे एकोणपन्नास टन, दोनशे तीस हॉर्सपॉवर. भारतबेंझची ५५२८ म्हणजे पंचावन्न टन, दोनशे ऐंशी. यातल्या एकोणपन्नास आणि पंचावन्नच्या मध्ये एक तारीख आहे. १६ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. तीन अक्षांचा साधा ट्रक २५ टनांवरून २८.५ टनांवर गेला आणि ट्रेलरच्या सर्वांत मोठ्या जोडीची मर्यादा ४९ वरून ५५ टन झाली. म्हणून त्याआधी बांधलेली गाडी आणि त्यानंतरची गाडी शेजारी उभ्या केल्या तर दिसायला सारख्या वाटतील, पण दर फेरीला सहा टनांचा फरक पडेल.

सहा टन जास्त भरू, कोण बघतो, असा विचार मनात येईल. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. सहा टनांचे बत्तीस हजार झाले, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. आरसीवर जे एकूण वजन छापलंय तेवढीच त्या गाडीची कमाई आहे असं धरून किंमत ठरवा. विकणारा ‘ही पण पंचावन्नच ओढते’ म्हणाला तर ती ओढत असेलही. त्या ओढण्याच्या खुणा चॅसीवर शोधायच्या आहेत, त्याकडे पुढे येऊ.

वयाचा हिशेबही घरीच करून ठेवावा. नॅशनल परमिट साध्या गाडीला बारा वर्षांपर्यंत आणि मल्टी-ॲक्सल गाडीला पंधरा वर्षांपर्यंत मिळतं. पासिंग पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, नंतर दरवर्षी. म्हणजे अकरा वर्षांची जोडी घेतलीत तर राज्याबाहेरचा धंदा करायला तुमच्याकडे चार वर्षं आहेत आणि त्या चारही वर्षांत पासिंग आहे. पाच वर्षांचं कर्ज काढून अशी गाडी घेणारे लोक आहेत. शेवटच्या वर्षी हप्ता चालू राहतो आणि परमिट संपलेलं असतं.

आता कागद. आरसीची झेरॉक्स हातात आली की गाडीचा नंबर ‘वाहन’च्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर टाका. मालक कितवा, पासिंग आणि विमा कधीपर्यंत, टॅक्स भरलाय का, बँकेचा बोजा आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का, हे सगळं तिथे दिसतं. ई-चलानं वेगळी तपासायची. जुन्या ट्रकवर चलानांचा ढीग साठलेला असतो आणि व्यवहार झाल्यावर तो कोणी भरायचा यावरून भांडणं होतात. बोजा असेल तर बँकेची नाहरकत आणि फॉर्म ३५ लागतो. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. ‘बोजा उतरलाय, फक्त नोंद व्हायची राहिलीय’ हे वाक्य या धंद्यात रोज ऐकू येतं. नोंद झाल्यावर या, एवढंच उत्तर द्यावं.

चॅसी नंबर मात्र फोनवर तपासता येत नाही. तो लोखंडावर कोरलेला असतो, बहुधा उजव्या बाजूच्या लाँग मेंबरवर, म्हणजे चॅसीच्या लांब पोलादी पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास. वायर ब्रश आणि डिझेलचा बोळा घेऊन ती जागा स्वच्छ करा, तिच्यावर कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. आरटीओतही अशीच पेन्सिल प्रिंट घेतात. उमटलेली सतरा अक्षरं आणि अंक आरसीशी एकेक करून जुळवा. टाटाचा नंबर ‘एम-ए-टी’ने सुरू होतो, अशोक लेलँडचा ‘एम-बी-१’ने. बहुतेक कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्ष सांगतं: ‘एच’ म्हणजे २०१७, ‘जे’ म्हणजे २०१८, ‘के’ २०१९, ‘एल’ २०२०. ‘आय’ हे अक्षर वापरतच नाहीत, म्हणून ‘एच’नंतर थेट ‘जे’ येतं. अक्षरं एका रेषेत, सारख्या खोलीची आहेत का ते बोट फिरवून बघा. त्या जागी ग्राइंडर फिरल्याच्या ओळी, आजूबाजूला नव्या रंगाचा चौकोन किंवा वरून लावलेला पत्रा दिसला तर किंमत कितीही कमी असली तरी तिथून निघा. चोरीच्या गाडीवर अपघातात संपलेल्या गाडीचे कागद चढवण्याची युक्ती जुनी आहे. वर्षही खोटं असू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ गाड्यांची विक्री बंद झाली, तेव्हा भंगार म्हणून विकत घेतलेल्या अशा गाड्या नागालँडमध्ये बीएस-४ म्हणून नोंदवून आंध्र प्रदेशात चालवल्याचं प्रकरण पुढे ईडीपर्यंत गेलं. तशी गाडी तिसऱ्या-चौथ्या हातात पोचते तेव्हा घेणाऱ्याचा गुन्हा काहीच नसतो, पण जप्त त्याचीच गाडी होते.

कागद जुळले की गाडीखाली जायचं. जुने कपडे, टॉर्च, एक छोटी हातोडी आणि टेप. इथे निवांत वेळ द्या. सगळ्या तपासणीत मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि सर्वांत कमी लोक तो करतात.

चॅसी म्हणजे दोन लांब पोलादी लाँग मेंबर आणि त्यांना बांधणारे आडवे क्रॉस मेंबर. लाँग मेंबरचा आकार इंग्रजी ‘सी’सारखा: मध्ये उभी पट्टी, तिच्या वर आणि खाली आडवी पट्टी. भार येतो तेव्हा सर्वांत जास्त ताण या वरच्या-खालच्या पट्ट्यांवर येतो, म्हणून त्यांना भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग करायचं नाही, हा उत्पादकांचा नियम असतो. नेमकी तिथेच वेल्डिंगची रेघ दिसली तर चॅसी एकदा तडकली होती. केबिनच्या मागची जागा, ट्रेलर टेकतो त्या प्लेटखालची जागा आणि पाट्यांचे हँगर जिथे बसतात ती ठिकाणं, या तीन जागी तडे आधी जातात. मूळचे रिव्हेट काढून तिथे नट-बोल्ट आले असतील तर का आले ते विचारा. सैल झालेल्या रिव्हेटच्या भोवती गंजाची तांबूस कडी तयार होते, कारण लोखंड एकमेकांवर घासून भुगा पडतो. आतल्या बाजूला दुसरी पट्टी चढवली असेल तर दोहोंच्या फटीत टॉर्च मारा. तिथे गंज फुगून पट्टी बाहेर ढकललेली दिसते. ताजा काळा रंग दिला असेल तर हातोडीने हलकेच ठोकत जा. निरोगी पोलाद खणखणतं, गंजलेली जागा बद्द वाजते आणि पापुद्रा सुटतो.

मग टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक आला तर मागचा अक्ष सरकलाय किंवा चॅसी तिरकी झालीय. अशी गाडी सरळ रस्त्यावर किंचित आडवी चालते. मागून दुसऱ्या गाडीतून बघणाऱ्याला ते लगेच कळतं, स्टिअरिंगवर बसलेल्याला कळत नाही. टायर एका कडेने खाल्ले जातात ते त्यामुळेच, आणि कितीही अलाइनमेंट केलं तरी खाल्ले जातात.

जादा माल ओढल्याची खूण पाट्यांत सापडते. कंपनीने दिलेले पाटे किती आणि आता किती, ते मोजा. मध्ये एखादा वेगळ्या जाडीचा, वेगळ्या रंगाचा पाटा घुसवला असेल तर मालकाने गाडीला तिच्या कुवतीबाहेर ओढायला लावलंय. मागच्या हाऊसिंगवर, म्हणजे क्राऊन-पिनियन ज्या पोटात बसतात त्या बीडावर, वेल्डिंगचे ठिगळ असतील तर तोच अर्थ. सहा टनांबद्दल आपण मघाशी बोललो ते इथे दिसतं.

किलोमीटरच्या काट्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पण फास्टॅग १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीचा झाला आणि त्यामुळे घेणाऱ्याला एक चांगलं साधन मिळालं, जे अजून कमी लोक वापरतात. मालकाला फास्टॅगचा वर्षभराचा उतारा मागा. कोणत्या टोलनाक्यावरून गाडी किती वेळा गेली, हे त्यात तारखेसह असतं. न्हावा शेवा ते भिवंडी अशा लहान फेऱ्या करणारी गाडी आणि मुंबई-बंगळूरु धावणारी गाडी यांचे किलोमीटर सारखे असले तरी झीज वेगळी असते. लहान फेरीत क्लच आणि ब्रेक संपतात, इंजिन तासन् तास रांगेत उभं राहून चालतं, आणि ते तास काट्यावर चढत नाहीत. लांब पल्ल्यात टायर आणि बेअरिंग जातात, इंजिन मात्र बरं राहतं. उतारा द्यायला मालक कां-कू करत असेल तर काट्यावरचा आकडा गृहीत धरू नका.

गाडी कुठे राहिली हेही विचारा. उरणच्या खाडीकाठी वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाडीला खारं वारं लागतं. चॅसी रंगवता येते, पण वायरिंगच्या जोडांत हिरवट क्षार धरतो आणि पावसाळ्यात दिवे, सेन्सर, एबीएस यांचे बिघाड सुरू होतात. उलट टोक गोव्यात दिसलं. तिथल्या खाणी २०१२ साली बंद पडल्या आणि थोड्या सुरू होऊन २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. हजारो टिपर उभे राहिले. अशा गाडीचे किलोमीटर कमी असतात आणि तेच सांगून ती विकली जाते. पण उभी गाडी आपोआप टिकत नाही. ऑइल सील वाळून तडकतात, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी उतरतं, टायर एकाच जागी दबून वाकडे होतात.

ट्रेलरला आपले लोक फार सहज घेतात, ‘हॉर्स बघा, ट्रेलर काय, लोखंडच आहे’ म्हणतात. ट्रेलरला स्वतःचा चॅसी नंबर असतो, तोही पेन्सिलने उतरवून कागदाशी जुळवायचा. ट्रेलर बांधणीसाठी एआयएस-११३ हे मानक आहे. गल्लीतल्या गॅरेजात जोडलेला ट्रेलर पासिंगला अडतो. रिकामा ट्रेलर दुरून, गुडघ्यावर बसून बघा. सपाट ट्रेलरची पाठ मुद्दाम मध्ये किंचित उंच बांधलेली असते, म्हणजे माल चढल्यावर ती सरळ होते. रिकामा असतानाच पाठ खाली झुकलेली दिसली तर पोलादाची ताकद संपली. कंटेनर लावणार असाल तर चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक हाताने फिरवून बघा. जे लॉक हातोडीशिवाय फिरत नाही ते घाटातही नीट बसलेलं नसणार.

हॉर्स आणि ट्रेलर जिथे जोडले जातात तो एक जाड खुंटा असतो, किंगपिन. ट्रेलरच्या पोटाखालून तो लोंबतो आणि हॉर्सवरच्या फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे ट्रेलर टेकतो त्या प्लेटच्या, जबड्यात अडकतो. दोन इंची किंगपिन नवा असताना ५०.८ मिलिमीटर जाड असतो आणि ४९ पर्यंत झिजला की बदलायचा. म्हणजे झीज दोन मिलिमीटरसुद्धा चालत नाही. डोळ्यांना हे दिसणं अशक्य आहे, व्हर्नियर कॅलिपर न्या. किंगपिन साडेतीन इंचीही असतो, तेव्हा एका मालकाचा हॉर्स आणि दुसऱ्याचा ट्रेलर जुळवून घेत असाल तर हे माप आधी बघा. मग जोडी जोडून, ट्रेलरचा ब्रेक लावून हॉर्स अगदी हळू पुढे-मागे ओढायला सांगा आणि जोडाकडे बघत उभे राहा. ठणका ऐकू आला आणि फट उघडमीट झाली तर जबडा झिजलाय. हा एक खुंटा चाळीस-पन्नास टन घेऊन बोरघाट उतरतो.

टायरचा हिशेब छोटा आहे. पंचावन्न टनी जोडीला बावीस टायर, शिवाय स्टेपनी. नवा रेडियल टायर साधारण वीस हजारांच्या पुढे, म्हणजे सगळे संपलेले असतील तर साडेचार लाखांचा खर्च पहिल्याच महिन्यात. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो: पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. रिमोल्ड टायर मागे चालतात, पण पुढच्या दोन चाकांवर रिमोल्ड दिसला तर त्या मालकाने बाकीच्या गाडीचं काय केलं असेल त्याचा अंदाज येतो.

ब्रेकसाठी कान लागतात. हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने हॉर्सच्या पुढच्या चाकापासून ट्रेलरच्या शेवटच्या चाकापर्यंत चालत जावं. फुसफुस कुठे ऐकू येते ते खडूने खूण करून ठेवा. काटा डोळ्यांदेखत खाली येत असेल तर गाडी रस्त्यावर नेण्याजोगी नाही. मग हवेच्या टाकीचा तळचा कॉक उघडा. थोडं पाणी येणारच. पाण्याबरोबर काळं तेल आलं तर हवेचा कॉम्प्रेसर तेल वर टाकतोय आणि ते तेल व्हॉल्व्हपर्यंत पोचलंय.

आणि आता इंजिन. येतोय असं आधी कळवू नका, किंवा सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचा. पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम असेल तर कोणीतरी तुमच्या आधी ते चालू करून ठेवलंय, कारण गार असताना ते सुरू व्हायला कुरकुरतं. अशा वेळी चहा पिऊन या किंवा दुसऱ्या दिवशी या. गार इंजिन सेल्फ मारल्यावर किती वेळात पकडतं आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा, हे बघायचं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. काळा धूर म्हणजे हवेपेक्षा डिझेल जास्त, नॉझल किंवा टर्बो. नंतर चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ प्रत्येक डिझेल इंजिनात येते. भकाभका धूर, तोही लयीत, आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, पिस्टन-रिंगा आणि लायनर संपत आलेत. हे फुल इंजिनाचं काम आहे. त्याचा अंदाज मिस्त्रीकडून लेखी घ्या आणि बोलणी तिथून सुरू करा.

डिपस्टिकवर तेल सोनेरी, स्वच्छ दिसलं तर खूश होऊ नका. डिझेल इंजिनातलं तेल बदलल्यानंतर थोड्याच वेळात काळं पडतं. स्वच्छ तेल म्हणजे ते काल-परवा बदललंय, आणि जुन्या तेलात जे दिसलं असतं ते गेलं. जमत असेल तर काही दिवस चाललेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. लोखंड, तांबं आणि सिलिकॉन यांचं प्रमाण बघून कोणता भाग झिजतोय ते सांगता येतं. सिलिकॉन वाढलेलं असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत जाते आहे.

१ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बीएस-६ आहेत, आणि त्यांची तपासणी निम्मी तरी कॉम्प्युटरवर होते. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मारण्यासाठी ॲडब्लू, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, या दोन यंत्रणांचा खर्च मालकाला नकोसा होतो. ॲडब्लू साधारण डिझेलच्या पाच टक्के लागतं. मग कोणीतरी एक छोटा डबा वायरिंगमध्ये बसवून देतो, तो इंजिनाला ‘ॲडब्लू चालू आहे’ असा खोटा संदेश पाठवत राहतो. गाडी चालते, पण ती बेकायदा आहे, विषारी धूर सोडते, आणि ती यंत्रणा पूर्ववत करायचा खर्च तुमच्या डोक्यावर बसतो. ॲडब्लूची टाकी उघडून बघा. कोरडी, धूळ बसलेली टाकी आणि डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, हे एकत्र दिसलं तर डबा बसवलेला आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन कोड वाचून घ्या. त्याला नकार देणाऱ्याकडून बीएस-६ गाडी घेऊ नये.

इंजिन शेवटी बघायचं म्हटलं म्हणून ते दुय्यम समजू नका. भरलेली जोडी लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर देते. महिन्याला आठ हजार किलोमीटर धावणारी गाडी साडेतीनऐवजी तीनच देत असेल तर सुमारे ३८० लिटर डिझेल जास्त लागतं, नव्वद रुपये भाव धरला तरी महिन्याला चौतीस हजार. एवढ्यात कर्जाचा बराच हप्ता निघतो. हे रिकामी गाडी यार्डात फिरवून कळणार नाही. मालकाला सांगा, तुमच्या पुढच्या भरलेल्या फेरीत मला ड्रायव्हरशेजारी बसू द्या. खोपोलीहून वर चढताना गाडी कोणत्या गिअरला येते, पाण्याचा काटा कुठे जातो, क्लच सरकतो का, उतारावर एक्झॉस्ट ब्रेक धरतो का, हे त्या एका फेरीत दिसतं. शिवाय ड्रायव्हर दादांशी बोलणं होतं. मालकासमोर ते काही बोलणार नाहीत. ढाब्यावर चहा घेताना ‘दादा, हिच्यात शेवटचं काम काय निघालं होतं?’ एवढं विचारा आणि मग गप्प बसून ऐका.

मिस्त्री स्वतःचा न्या आणि त्याची मजुरी स्वतः द्या. एजंटने ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून दिलेला मिस्त्री सौदा झाला तरच कमिशन घेतो.

हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्या वित्तसंस्थांच्या यार्डात लिलावाला निघतात आणि स्वस्त मिळतात. तिथे गाडी जशी आहे तशी घ्यावी लागते, चालवून बघता येईलच असं नाही. ज्याचे हप्ते थकले त्याने शेवटचे काही महिने तेल बदलायला पैसे घातले असतील हे संभवत नाही, आणि यार्डात उभ्या गाडीच्या बॅटऱ्या आणि चांगले टायर जागेवर राहतातच असं नाही. पहिली गाडी घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-चार गाड्या सांभाळलेल्या आणि स्वतःचा मिस्त्री असलेल्या माणसाला ती वाट ठीक आहे.

किमतीच्या बाबतीत एक ताजी गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू ट्रकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरायला हवा. विकणारा मात्र स्वतः गाडी घेतली त्या वेळच्या भावावरून आकडा सांगतो. त्याच्या समोर आजच्या नव्या गाडीचं कोटेशन ठेवा.

सौदा ठरला की इसार द्या, पण पूर्ण रक्कम देऊ नका. फॉर्म २९ आणि ३०वर दोघांच्या सह्या, विकणाऱ्याच्या ओळखपत्राच्या प्रती, बोजा असेल तर फॉर्म ३५, आणि जुन्या मालकाचा फास्टॅग बंद केल्याची पावती, हे सगळं एकाच बैठकीत घ्या. विकणाऱ्याने हस्तांतर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि विमा तुमच्या नावावर करण्याचा अर्जही चौदा दिवसांतच करायचा असतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गाडी कितीही हातांत फिरली तरी अपघाताची भरपाई आरटीओच्या नोंदीवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडूनच घेतली जाईल. म्हणून शहाणा विकणाराही नाव बदलायची घाई करतो, आणि जो टाळाटाळ करतो त्याची गाडी नाव बदलण्याजोगी आहे का अशी शंका घ्या. तुमच्या बाजूने बघितलं तर विमा जुन्या नावावर असताना गाडी उलटली की गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. तेव्हा किमतीतला एक भाग आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत हातात ठेवा आणि तोपर्यंत त्या गाडीत एक फेरीही माल भरू नका.